पाचव्या मजल्याची फिरती पाटी

वृंदा केळसकर चंद्रहास बिवलकरांना नेमकी किती माहीत होती, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर फार लहान आहे. तिचं माहेर कुठलं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा तिच्या बोलण्यात 'आमच्या चिपळूणला' असं आलं होतं, पण ते माहेर की सासर, हे विचारायचं राहून गेलं. तिला भावंडं होती का, मूलबाळ नसल्याचं तिला वाईट वाटायचं का, एकटी असताना ती गाणं म्हणायची का, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. तोक्योच्या एदोगावा भागातल्या चौदा मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, दोघं अडीच वर्षं चार दारांच्या अंतराने राहिली. एवढ्या काळात माणूस माणसाला जितकं ओळखतं त्याच्या पावभरही त्यांनी तिला ओळखलं नाही. ठाऊक होतं ते एवढंच, की ती त्रेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात शिकत होती, आणि एका हिवाळ्यात तिचं ते कॉलेज त्यांच्यामुळे बुडता बुडता राहिलं.

चंद्रहासराव सांगलीच्या पाटबंधारे खात्यात बारनिशीवर होते. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आवक वहीत चढवायचा, गेलेला जावक वहीत, आणि वरून आलेली परिपत्रकं टेबलाटेबलावर फिरवून सह्या घ्यायच्या. चौतीस वर्षं हेच केलं. निवृत्तीनंतर पत्नी गेली. मुलगा अनुराग आणि सून विभा दोघंही तोक्योत कंप्युटरच्या नोकरीत. नात ओवी चार वर्षांची. ती लहान आहे तोवर आजोबांना इथे राहण्याचा परवाना मिळतो म्हणून त्यांना बोलावून घेतलं. सकाळी ओवीला पाळणाघरात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मधला दिवस मोकळा.

स्वभावाने माणूस अतिशय भिडस्त. भाजीत मीठ नसलं तरी "छान झालीय" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणारा. विभा कौतुकाने सांगायची, "आमच्या बाबांचं काही म्हणजे काहीच म्हणणं नसतं." म्हणणं असायचं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत जायचं.

वृंदा नवऱ्याबरोबर अकरा वर्षांपूर्वी इथे आली. नवरा, यतीन, पुण्याच्या एका कंपनीच्या कंत्राटावर आलेला इंजिनिअर. ती साधी बी.ए. झालेली. घरात बसून कंटाळली तेव्हा कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटरवर उभी राहायला लागली. जपानी बोलायला तिथेच शिकली, तीही गिऱ्हाइकांकडून. त्या दुकानात एक यंत्र होतं. उद्या पाऊस असेल तर भाताचे गोळे किती मागवायचे आणि ऊन असेल तर किती, हे ते यंत्र आदल्या दिवशी सांगायचं आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचं. "ह्याला कोण सांगतं?" या एका प्रश्नाने तिला इतकं पछाडलं की सात वर्षं काउंटरवर काढल्यावर तिने दोन वर्षांच्या व्यावसायिक कॉलेजात माहिती प्रणालीच्या वर्गात नाव घातलं. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. पहिल्या दिवशी ती आत शिरली तेव्हा त्यांतली निम्मी शिक्षिका आली समजून उठून उभी राहिली, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायची.

चंद्रहासरावांची आणि तिची खरी गाठ पडली ती पाटीमुळे.

त्या इमारतीत एक रीत आहे. रहिवासी मंडळाची सूचना असली की ती एका चिमट्याच्या पाटीला लावतात, वर अकरा दारांची यादी जोडतात आणि पहिल्या दारी देतात. आपण वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारी नेऊन द्यायची. अनुरागने जपानी अक्षरांतला बिवलकर नावाचा लहानसा शिक्का करून ठेवला होता. दिवसा घरी फक्त चंद्रहासराव, त्यामुळे शिक्का मारायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते मनापासून केलं. शिक्का कधी तिरका नाही, कधी फिका नाही. मारून झाला की शेजारच्या ओकामोतो आजींची घंटा वाजवायची, पाटी दोन्ही हातांनी द्यायची आणि वाकायचं. आजीही वाकायच्या. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

एका सप्टेंबरच्या दुपारी ते पाटी घेऊन दाराबाहेर पडले तेव्हा समोरून वृंदा आली. पाठीवर कॉलेजची पिशवी, हातात सायकलची किल्ली.

"काका, तुमच्याकडे पाटी किती दिवस राहते हो?"

चंद्रहासराव दचकले. "एक दिवससुद्धा नाही हो वृंदाताई. आली की शिक्का मारतो आणि लगेच पुढे देतो."

"बघा! सगळे तुमच्यासारखे असते तर! पहिल्या दारापासून अकराव्या दारापर्यंत जायला हिला तेरा दिवस लागतात. मागच्या वेळी पाण्याची टाकी धुण्याची सूचना शेवटच्या दारी पोचली, तोवर टाकी धुऊन वाळलीसुद्धा होती."

"हो का?" त्यांना हे नवीन होतं.

"माझा शेवटचा प्रोजेक्ट हाच आहे. ही पाटी फोनवर आणायची. सूचना आली, उघडली, वाचली, 'वाचलं' असं बटण दाबलं, झालं. मंडळाला बसल्या जागी कळणार कुणी वाचलं आणि कुणी नाही. फक्त एक अडचण आहे. मला युजर हवाय."

"म्हणजे?"

"म्हणजे वापरून बघणारा माणूस. आमच्या सरांचा, होरी सेन्सेईंचा, नियम आहे. युजर खरा पाहिजे, पन्नाशीच्या पुढचा पाहिजे आणि घरातला नको. सांगा, याल?"

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच तर! तुम्ही फक्त वापरायचं आणि खरं काय ते सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढे ते सुनेला म्हणाले, "केळसकरबाईंना थोडी मदत करायचीय. काही अवघड नाही, खरं बोलायचं, बस." आयुष्यात इतकं अवघड काम आपण याआधी कधी अंगावर घेतलेलं नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी ते तिच्याकडे जाऊ लागले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती टॅबलेट ठेवायची, चहा ठेवायची, शेजारी बशीत शेंगदाण्याचे लाडू. त्यांच्यासाठी तिने सूचना मराठीत घातल्या होत्या. कचरा कोणत्या दिवशी टाकायचा, भूकंपाची कवायत कधी, टाकी कधी धुणार. केशरी पडद्यावर सूचना यायची. खाली एक मोठं हिरवं बटण, त्यावर 'वाचलं'. हातात घड्याळ घेऊन वृंदा शेजारी उभी. बाई घड्याळ घेऊन उभी आहे म्हटल्यावर तिला ताटकळत कसं ठेवायचं? चंद्रहासरावांनी बोट टेकवलं.

"चार सेकंद! काका, चार सेकंद! तेरा दिवसांचं काम चार सेकंदांत!"

"छान आहे," ते म्हणाले.

"बटण मोठं करू का?"

"नको, छान आहे."

"रंग?"

"रंगही छान आहे."

तिने वहीत लिहून घेतलं. युजर समाधानी. पुढच्या मंगळवारी समाधानी. त्यापुढच्या शुक्रवारीही समाधानी. एकदा त्यांच्या मनात आलं, आपण वाचत तर काहीच नाही, हे हिला सांगावं का. तोंड उघडलंही. पण ती नेमकी तेव्हाच म्हणाली, "काका, तुमच्यासारखा युजर वर्गात कुणालाच मिळालेला नाही," आणि उघडलेल्या तोंडात त्यांनी लाडू घातला.

नोव्हेंबरात मधली परीक्षा होती. प्रत्येकाने आपला युजर बरोबर आणायचा होता. दोघं तोझाई लाइनने दोन स्टेशनं गेली. गाडीत तिने त्यांना या परीक्षेवर काय अवलंबून आहे ते सांगितलं. यतीनची बदली एप्रिलपासून ओसाकाला होणार होती. तिने तिथल्याच एका लहान कंपनीत अर्ज केला होता. रुग्णालयांचे पुरवठ्याचे हिशोब सांभाळणारी कंपनी. त्यांनी तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण मार्चमध्ये कॉलेजचं प्रमाणपत्र हातात पडलं तरच.

"सत्तावीस ठिकाणी अर्ज केले काका. सव्वीस जणांनी वय बघून गोड शब्दांत नाही म्हटलं. हे सत्ताविसावे. आज पार पडलं की अर्धं गंगेत घोडं न्हालं."

चंद्रहासरावांनी आपलं उजवं बोट रुमालाला पुसून घेतलं.

वर्गात पोरांनी नाना तऱ्हेचे युजर आणले होते. कुणी न्हावी आणला होता, कुणी फुलवाली. होरी सेन्सेई पन्नाशीचे, बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. वृंदाने टॅबलेट मांडला, चंद्रहासरावांनी सरावाने बोट टेकवलं, पडद्यावर हिरवी खूण उमटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेन्सेईंनी मान डोलावली आणि वृंदाला काहीतरी विचारलं. तिने ते मराठीत केलं.

"काका, सर विचारतायत, त्या सूचनेत पाणी कधी बंद आहे म्हटलंय?"

चंद्रहासरावांनी पडद्याकडे पाहिलं. सूचना केव्हाच नाहीशी झाली होती. त्यांनी वृंदाकडे पाहिलं. ती हसतमुखाने थांबली होती. शेवटी त्यांच्या तोंडून जे नेहमी निघायचं तेच निघालं.

"छान आहे."

वृंदाने त्याचं भाषांतर केलं नाही. पण होरी सेन्सेईंना मराठी येण्याची गरजच नव्हती. त्यांनी तिच्या कागदावर सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि तितक्याच सावकाश तिला समजावून सांगितलं, की ही प्रणाली बोटं मोजते, वाचणं मोजत नाही. फेब्रुवारीत पुन्हा दाखवा. तेव्हाही असंच असेल तर पास करता येणार नाही. मग वाकून चंद्रहासरावांचे आल्याबद्दल आभार मानले.

परतीच्या गाडीत तिने तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग वृंदा म्हणाली, "चार सेकंद. माझा नवरासुद्धा माझे मेसेज न वाचता इतक्या लवकर बाजूला सारत नाही."

"चुकलं माझं," चंद्रहासराव म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? माझी अक्कल." ती हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. "काका, रंग तरी खरंच छान होता का?"

त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं.

"झालं तर मग," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानंतर आठ दिवस चंद्रहासराव लिफ्टने गेले नाहीत. पाच मजले जिन्याने चढायचे-उतरायचे, कारण लिफ्टमध्ये ती भेटली तर काय बोलायचं? गुडघे दुखायला लागले. विभाने विचारलं तर म्हणाले, "व्यायाम." भीड ही भिकेची बहीण, असं त्यांची आई म्हणायची. इथे भीड त्यांची होती आणि भीक मागायची पाळी त्या बाईवर आली होती. तिचं अठ्ठाविसावं ठिकाण कुठून यायचं?

नवव्या दिवशी पाटी आली. त्यांनी सवयीने शिक्का काढला, यादीतला आपला चौकोन शोधला आणि पहिल्यांदाच यादी उचलून मागचा कागद पाहिला. अक्षरं त्यांना कळणार नव्हती, पण कोपऱ्यात एक चित्र होतं. अशा सूचनांवर नेहमी असतं ते, डोक्यावर टोपी घातलेला कामगार कमरेत वाकून गैरसोयीबद्दल माफी मागतो आहे. तो कामगार शीर्षासन करत होता.

कागद उलटा लावलेला होता. पहिल्या दारापासून उलटा. आणि त्यावरच्या यादीत सहा घरांचे सहा शिक्के, एकेक अगदी सरळ.

चंद्रहासराव पाटी घेऊन तसेच निघाले. शेजारी जायच्या ऐवजी उलट्या दिशेने, चार दारं मागे. वृंदाची घंटा त्यांनी स्वतःहून वाजवायची ही पहिलीच वेळ. तिने दार उघडलं तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता.

"काका? या ना."

"बसत नाही. हे बघा." त्यांनी यादी उचलून धरली.

"उलटी लागलीय."

"पहिल्या दारापासून उलटीच फिरतेय. सहा जणांनी शिक्के मारलेत. कुणी सुलटी केली नाही." यादीवर बोट ठेवून पुढचं ते एका दमात बोलले. "तिसरा शिक्का तुमचा आहे."

वृंदाने वाकून बघितलं. केळसकर. तिचाच. चार दिवसांपूर्वी कॉलेजला निघताना घाईत मारलेला. ती एकदा त्या शिक्क्याकडे बघे, एकदा शीर्षासनातल्या कामगाराकडे, आणि मग दाराला टेकून इतकी हसली की डोक्यावरचा टॉवेल सुटून खाली पडला.

"बसा," ती म्हणाली. "आता बसाच."

त्या दुपारी चंद्रहासराव जितकं बोलले तितकं सांगलीच्या कचेरीत वर्षभरातही बोलले नसतील. चौतीस वर्षं त्यांनी परिपत्रकं फिरवली होती. त्या सगळ्या सह्यांचा अर्थ त्यांना पाठ होता. सही म्हणजे वाचलं असं नव्हे. सही म्हणजे, हा कागद माझ्या टेबलावर अडकलेला नाही, पुढे गेला, आता मला कुणी विचारू नका. इथला शिक्काही तसाच. त्यांनी स्वतः दोन वर्षं एक अक्षर न वाचता मारला होता.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घड्याळ घेऊन उभ्या होतात. आणि खूश होतात."

"अहो काका!" तिने कपाळावर हात मारला.

"एका पावसाळ्यात," ते सांगत गेले, "पूर नियंत्रण कक्षाच्या पाळ्यांचं परिपत्रक निघालं. मी बावीस जणांच्या सह्या घेतल्या. कृष्णेला पाणी चढलं त्या दिवशी कक्षात मी आणि शिपाई, दोघंच. बाकी कुणाला आपली पाळी आहे हेच माहीत नाही. साहेब माझ्यावर भडकले. पुढच्या वर्षी मी सहीचा रकाना काढूनच टाकला. त्या जागी लिहिलं, 'आपली पाळी कोणत्या तारखेस आहे ते स्वहस्ते लिहावे.' वाचल्याशिवाय लिहिणार काय? लोकांनी मला शिव्या घातल्या, पण आले."

 वृंदा उठली, टॅबलेट आणला आणि त्यांच्या देखत ते हिरवं बटण पुसून टाकलं.

त्या दिवसापासून मंगळवार-शुक्रवार पुन्हा सुरू झाले, पण आता तऱ्हा निराळी होती. प्रत्येक सूचनेखाली एक साधा प्रश्न. टाकी धुवायच्या दिवशी तुम्ही पाणी कशात भरून ठेवाल? कवायतीला घरातून किती जण येणार? उत्तर दिल्याशिवाय सूचना सुटत नाही. आणि चंद्रहासरावांची जीभ एकदा सुटली ती सुटलीच.

"हे अक्षर मला दिसत नाही."

"मोठं करते."

"हा प्रश्न मास्तरांसारखा वाटतो. मी उत्तर देणार नाही."

"बरं, बदलते."

"आणि सूचनेमागचा तो केशरी रंग..."

"काय झालं केशरी रंगाला?"

"डोळ्यांत खुपतो. पहिल्या दिवसापासून खुपतोय."

"काका, तुम्ही आता जरा फारच खरं बोलायला लागलात हं! मधलं काही नाहीच का तुमच्याकडे?"

खरं भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना प्रणालीने रोज आठवण पाठवायची, असं वृंदाने ठरवलं होतं. चंद्रहासराव म्हणाले, नको. त्यांचं नाव शेजाऱ्याला कळवा, म्हणजे शेजारी घंटा वाजवील.

"ही काय सिस्टिम झाली? ही तर चुगली झाली!"

"ओकामोतो आजींकडे असला फोन नाही. त्यांना आठवण कुठे पाठवणार?"

वाद तिथेच राहिला. चाचणी म्हणून डिसेंबरात एक सूचना त्यांनी खरीच फिरवली, मंडळाच्या परवानगीने. दहा घरांची उत्तरं तीन दिवसांत आली. ओकामोतो आजींसाठी वृंदाने प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर छापला, जुन्या पाटीला लावला, आणि पाटी दोन्ही हातांनी धरून चंद्रहासराव शेजारच्या दारी गेले. ती भाषांतराला बरोबर. टाकी धुवायच्या दिवशी पाणी भरून ठेवाल का, हो की नाही, गोल करा. आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

वृंदा म्हणाली, "म्हणतायत, त्या दिवशी पाणी बंद असतं का? गेल्या वर्षी सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. त्यांना वाटलं, नळ आपल्याच हातून बिघडला. लाजेने कुणाला बोलल्या नाहीत. दिवसभर तशाच बसून राहिल्या."

गेल्या वर्षीच्या पाटीवर आजींचा शिक्का होता. चंद्रहासरावांनीच तर ती त्यांच्या हातात दिली होती. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला होता, आणि दोघांपैकी एकानेही वाचलं नव्हतं. लाजेने गप्प बसून राहिलेला दिवस कसा असतो हे त्यांना कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

 त्या संध्याकाळीच वृंदाने प्रणालीतली रोजची आठवण काढून टाकली आणि त्या जागी शेजाऱ्याची घंटा घातली.

फेब्रुवारीच्या परीक्षेला युजर न्यायचा नव्हता, नुसती कागदपत्रं द्यायची आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. चंद्रहासराव घरीच होते. सकाळी ओवीला सोडून आले, वरणाला फोडणी दिली, ती करपली, दुसरी दिली. दुपारी दोनदा बाहेर जाऊन मार्गिकेत उभे राहिले. थंडीत कान गार पडले तेव्हा आत आले. साडेतीनला घंटा वाजली.

वृंदा दारात उभी. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"सरांनी विचारलं, दिसायला तुझी प्रणाली नोव्हेंबरपेक्षा वाईट का दिसते? रंग फिके, बटण गेलं, आणि वर कागदाची पाटीसुद्धा चालूच. मी म्हटलं, युजर खरं बोलायला लागला."

"मग?"

"मग ते हसले. काका, होरी सेन्सेई दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. पास केलं." तिने पाठीवरची पिशवी उतरवली. "मार्क सत्तर. पहिला नंबर त्या फुलवालीवाल्या पोराचा. पण पास."

चंद्रहासरावांना फार काही बोलावंसं वाटलं. अभिनंदन म्हणावं, डोक्यावर हात ठेवावा. ते म्हणाले, "वरण करपलंय थोडं. जेवणार का?"

"जेवते की," असं म्हणून ती आत आली आणि ताटात दोनदा वरणभात घेतला. करपलेलं आहे असं स्पष्ट सांगून घेतला.

मंडळाने पाचव्या मजल्यापुरती ती प्रणाली ठेवून घेतली. बाकीच्या मजल्यांवर अजून जुनीच पाटी फिरते. ओकामोतो आजींची घंटा मात्र आता सूचना असो नसो वाजते, कारण चंद्रहासरावांना सवय लागली आहे आणि आजी त्यांना घावन आणि भाकरी यांच्या मधलं काहीतरी खायला देतात. विभा ओसाकाची खबर अधूनमधून सांगते. वृंदा नोकरीत रुळली आहे, तिथेही तिच्याहून लहान सगळे, आणि नवीन काही केलं की ती आधी कुठल्या तरी रुग्णालयाच्या भांडाराच्या म्हाताऱ्या कारकुनाला जाऊन विचारते म्हणे. चंद्रहासरावांनी तिला फोन कधी केला नाही. काय बोलणार? तिनेही केला नाही. तसा राग-रुसवा काही नाही.

ती गेली तो मार्चचा शेवटचा शनिवार. सामानाची गाडी सकाळीच निघून गेली होती, यतीन खाली टॅक्सीत बसला होता. देवदाराचे पराग हवेत भरण्याचे ते दिवस, निम्मं तोक्यो शिंकत असतं. चंद्रहासराव केराची पिशवी घेऊन लिफ्टपाशी आले तेव्हा वृंदा एक हातबॅग आणि रुमाल घेऊन उभी होती. निरोप आदल्या दिवशी जेवताना सगळ्यांसमक्ष घेऊन झाला होता, त्यामुळे आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. लिफ्ट आली. तिने दार धरलं.

"येताय काका?"

"तुम्ही व्हा पुढे. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घरातच राहिली."

ती आत गेली, बटण दाबलं, लिफ्टच्या आरशात एकदा पाहिलं आणि वळली.

"काका, माझं नाक फार लाल दिसतंय का?"

"हो. फार."

"बरं," ती म्हणाली, आणि दार लागलं.